भित्तिचित्राच्या आत दडलेलं नुकसान: कोणती तपासणी काय सांगते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या वास्तूतलं एक भित्तिचित्र समोरून चांगलं दिसतं. रंग टिकून आहेत, मोठी भेग नाही. पण बोटाने हलकेच वाजवलं की काही भाग पोकळ वाजतो. एकाने थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करायला सांगितली, दुसऱ्याने रडार, म्हणजे भिंतीत रेडिओलहरी सोडून परतणाऱ्या लहरी टिपणारं यंत्र, सुचवलं. यातलं काय करावं, आणि एकदा तपासणी झाली की आतलं सगळं नुकसान कळेल का?

दोन्हींचा उपयोग होईल, पण सगळं कळणार नाही. त्याचं कारण आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. नुकसान कोणत्याच यंत्राला थेट दिसत नाही. थर्मल कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. रडारला कळतं की आत कुठेतरी पदार्थाचे विद्युत गुणधर्म बदलले आहेत. लेझर कंपनमापकाला कळतं की भिंतीचा अमुक बिंदू किती थरथरतो. त्यावरून ‘इथे गिलावा सुटला आहे’ हा निष्कर्ष माणूस काढतो, आणि तो चुकू शकतो. म्हणून मी एकाच यंत्राच्या निकालावर चित्राला हात लावू देत नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या निदान दोन पद्धतींनी एकाच जागेकडे बोट दाखवलं पाहिजे. शिवाय पोकळी सापडली तरी ती वाढते आहे का आणि कशामुळे, हा प्रश्न उरतोच. कित्येक चित्रांमागच्या पोकळ्या शतकानुशतकं आहेत तशाच आहेत.

भित्तिचित्र म्हणजे थरांची रचना. मागे दगड, वीट किंवा कोरलेला खडक. त्यावर जाडाभरडा गिलावा, त्यावर बारीक गिलावा, आणि सगळ्यात वर रंगाचा पातळ थर. ओल्या चुन्यावर रंगवलेलं असेल तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होताना रंगकण त्यातच बांधले जातात. कोरड्या गिलाव्यावर रंगवलेलं असेल तर रंग डिंक, सरस, अंडं किंवा तेल अशा कशाच्या तरी आधाराने चिकटलेला असतो. नुकसान यातल्या कुठल्याही सांध्यात होऊ शकतं: गिलावा भिंतीपासून सुटतो, गिलाव्याचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, किंवा रंगाचा पापुद्रा उचलतो. आणखी एक प्रकार आहे, त्यात काहीच सुटत नाही; गिलावा आतल्या आत भुसभुशीत होतो. तो शोधायला सगळ्यात अवघड, कारण त्यात हवेची पोकळी नसते आणि बहुतेक यंत्रं पोकळीच शोधत असतात.

सुरुवात यंत्रांपासून करू नका. खोली अंधारी करा आणि दिवा भिंतीला जवळजवळ समांतर धरा. तिरक्या प्रकाशात एरवी न दिसणारे फुगवटे, उचललेले पापुद्रे, जुन्या डागडुजीच्या कडा सावल्यांमुळे ठळक होतात. प्रकाश चारही बाजूंनी आळीपाळीने टाकायचा, कॅमेरा हलवायचा नाही. ओल्या गिलाव्यावर रंगवलेल्या चित्रात एका दिवसाच्या कामाचे सांधेही या प्रकाशात दिसतात. नवखा माणूस त्यांना भेगा समजतो. ते नुकसान नव्हे, पण दोन दिवसांच्या गिलाव्यातला तो सांधा कमकुवत असू शकतो, म्हणून नकाशावर त्याची वेगळी खूण करावी. त्यानंतर अतिनील प्रकाश. त्यात जुने लेप आणि नंतरचे रंगलेपन वेगळं चमकतं. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला होता. लाख अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. असा लेप असेल तर पुढच्या मोजमापांचा अर्थ बदलतो, कारण ओल त्यातून सहज बाहेर पडत नाही आणि क्षार त्याच्यामागे साचू शकतात.

मग वाजवून पाहणं. कितीही आधुनिक साधनं हाताशी असली तरी ही तपासणी मी वगळत नाही. रंग पक्का आहे याची खात्री झाली की बोटाच्या पेराने, नखाने नव्हे, अगदी हलकेच टकटक करायची आणि दुसऱ्या हाताची बोटं शेजारी टेकवायची. घट्ट चिकटलेला गिलावा टणक, तोकडा आवाज देतो. सुटलेला भाग खालच्या पट्टीत घुमतो आणि टेकवलेल्या बोटांना बारीक थरथर जाणवते. सुटलेल्या भागाची कड जिथे येते तिथे दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात आवाज बदलतो. ती कड चित्राच्या छायाचित्रावर त्याच क्षणी आखायची, नंतर आठवून आखलेली कड कामाची नसते. या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत: जाड गिलाव्याच्या मागची पोकळी ऐकू येत नाही, माणूस बदलला की नकाशा बदलतो, आणि जिथे रंग पापुद्र्यांनी उचलला आहे, म्हणजे जिथे तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे, तिथेच हात लावता येत नाही.

आता थर्मल कॅमेरा. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. हवा उष्णता फार कमी वाहून नेते, चुन्याच्या गिलाव्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकी. भिंतीच्या पृष्ठभागाला थोडी ऊब दिली की घट्ट भागातली उष्णता आत भिंतीत निघून जाते. सुटलेल्या भागात ती मागच्या हवेपाशी अडते आणि तो भाग काही काळ किंचित जास्त गरम राहतो. हा फरक बऱ्याचदा अर्ध्या अंशाच्याही आत असतो, पण चांगल्या कॅमेऱ्याला अंशाच्या शतांशांपर्यंतचे फरक कळतात. चित्राचं तापमान दोन-तीन अंशांपेक्षा जास्त वाढवायची गरज नसते आणि वाढवूही नये.

लोक चुकतात ते वेळेत. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ गिलाव्यातल्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे खोली दुप्पट तर वेळ चौपट. चुन्याच्या गिलाव्यात ५ मिलिमीटर खोलीसाठी साधारण एक मिनिट धरलं, तर १० मिलिमीटरसाठी चार मिनिटं आणि २० मिलिमीटरसाठी सोळा-सतरा मिनिटं लागतात. खोलीबरोबर फरकही झपाट्याने फिका होतो. म्हणजे दोन मिनिटं दिवा लावून, एक फोटो काढून ‘आत काही नाही’ असा अहवाल कोणी दिला, तर त्याने फक्त वरचे काही मिलिमीटर तपासले आहेत. गरम करतानाचा आणि नंतर थंड होतानाचा, असा सलग पाऊण तास नोंदवलेला चित्रक्रम मागा. एका फोटोपेक्षा प्रत्येक बिंदूचा तापमान-वेळ आलेख खूप जास्त सांगतो.

दुसरा घोटाळा रंगांमुळे होतो. हॅलोजन दिव्याने गरम केलं तर गडद रंग जास्त प्रकाश शोषतात. निळं किंवा काळं वस्त्र रंगवलेला भाग मग गरम दिसतो आणि त्याचा आकार हुबेहूब वस्त्राच्या कडेइतका असतो. पोकळीची कड चित्राच्या रेषेला धरून चालत नाही. थर्मल चित्रातला डाग आकृतीच्या बाह्यरेषेशी तंतोतंत जुळत असेल तर तो डाग संशयास्पद समजा. ऊब दिव्याऐवजी मंद उबदार हवेने दिली तर ही अडचण पुष्कळ कमी होते. सोन्याचा वर्ख असेल तिथे मात्र कॅमेऱ्याचा आकडा वाचूच नये. धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो. तिथे तपासनिसाच्या स्वतःच्या शरीराचं प्रतिबिंबही गरम डाग म्हणून उमटतं.

ओलीच्या बाबतीत हाच कॅमेरा उलट वागतो. ओल्या भागातून पाणी उडून जाताना तो थंड पडतो, म्हणून ऊब न देताही तो वेगळा दिसू शकतो. पण हवा दमट असेल आणि बाष्पीभवन थांबलेलं असेल तर ओल असूनही फरक दिसत नाही. शिवाय पोकळीत पाणी किंवा क्षारांचा चुरा भरलेला असेल तर हवेचा अडसरच नसतो आणि पोकळी झाकली जाते. म्हणून ज्या भिंतीला ओल आहे, तिच्यावर ‘पोकळी आढळली नाही’ हा थर्मल निष्कर्ष मी मान्य करत नाही.

इथे कंपनावर चालणारी पद्धत उपयोगी पडते. भिंतीपासून काही अंतरावर ध्वनिवर्धक ठेवतात आणि वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा आवाज सोडतात. घट्ट भिंत त्या आवाजाने जवळजवळ हलत नाही. सुटलेला गिलावा डफाच्या कातड्यासारखा थरथरतो. लेझर किरण एकेका बिंदूवर टेकवून परतलेल्या प्रकाशातल्या डॉप्लर बदलावरून, म्हणजे पृष्ठभाग हलल्यामुळे प्रकाशाच्या कंपनसंख्येत होणाऱ्या फरकावरून, त्या थरथरीचा वेग मोजतात आणि बिंदूबिंदूने नकाशा तयार होतो. चित्राला स्पर्श होत नाही, कान आणि अनुभव यांवरचं अवलंबन संपतं, आणि मोठा सुटलेला भाग खालच्या कंपनसंख्येला व लहान भाग वरच्या कंपनसंख्येला प्रतिसाद देतो, त्यामुळे पोकळीच्या आकाराचा अंदाजही येतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण ती थेट यांत्रिक प्रश्न विचारते: हा तुकडा धरून आहे की लोंबकळतो आहे? उपकरण महाग आहे, काम संथ आहे, आणि परांची बांधलेली असेल तर तिचं हलणं मोजमापात मिसळतं.

याहून सूक्ष्म पद्धत म्हणजे होलोग्राफीवर आधारलेली व्यतिकरणमिती; यात लेझरच्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून पृष्ठभागाची अतिसूक्ष्म हालचाल मोजतात. पृष्ठभागाला जेमतेम एखाद्या अंशाची ऊब देऊन त्याआधीची आणि नंतरची लेझर प्रतिमा एकमेकींवर ठेवली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर समोरून टाकला तर एक पट्टी म्हणजे सुमारे २६६ नॅनोमीटरची हालचाल. सुटलेल्या भागावर पट्ट्यांची वर्तुळं दाटतात. पण इतक्या संवेदनशील उपकरणाला रस्त्यावरून जाणारी गाडीही पुरते. ते लहान, शांत जागेत, शंका असलेल्या मोजक्या तुकड्यांसाठी राखून ठेवावं. अख्ख्या सभागृहाच्या भिंतीसाठी नाही.

रडारकडे वळू. भित्तिचित्रांसाठी साधारण दीड ते तीन गिगाहर्ट्‌झचे अँटेना वापरतात. दोन गिगाहर्ट्‌झला कोरड्या गिलाव्यात लहरीची लांबी सहा-सात सेंटिमीटर भरते. दोन थर स्वतंत्रपणे ओळखायचे तर त्यांच्यात या लांबीच्या साधारण पाव भागाइतकं, म्हणजे दीडेक सेंटिमीटर, अंतर लागतं. त्यामुळे रंगाखालच्या एक मिलिमीटरच्या फटीसाठी रडार बोलावण्यात अर्थ नाही. त्याची खरी जागा खोलात आहे: भिंतीची जाडी, मागचा बुजवलेला दरवाजा, दगडांमधली मोठी पोकळी, धातूचे आकडे, आणि विशेषतः ओल. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) ८० च्या आसपास, कोरड्या गिलाव्याचा त्याच्या कित्येक पटींनी कमी, त्यामुळे ओला पट्टा रडारमध्ये ठळक उठतो. क्षारयुक्त ओल असेल तर मात्र लहर तिथेच शोषली जाते आणि पलीकडचं काहीच दिसत नाही.

रडारचं वाचन किती जपून करावं लागतं, ते प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याने जगाला दाखवलं. रंगवलेल्या उत्तर भिंतीमागे गुप्त दालन असावं, असा अंदाज २०१५ साली मांडला गेला. त्याच वर्षीच्या रडार तपासणीतून दालनाला दुजोरा मिळाल्याचं सांगण्यात आलं. पुढे २०१८ मध्ये तुरिनच्या तंत्रविद्यापीठाच्या पथकाने वेगवेगळ्या कंपनसंख्यांनी सखोल तपासणी केली आणि दालन नसल्याचा निष्कर्ष दिला. भिंत तीच, तत्त्व तेच, निष्कर्ष वेगळे. तुमच्या भिंतीसाठी एका रडार-आलेखावरून कोणी ठाम विधान केलं तर दुसऱ्या कंपनसंख्येचा आलेख मागायला संकोच करू नका.

या सगळ्यानंतर दोन-तीन जागा अशा उरतात की जिथे प्रत्यक्ष पाहणंच बरं. आधीपासून भेग किंवा गळून गेलेला तुकडा असेल तर तिथून दोन ते चार मिलिमीटर जाडीची एंडोस्कोपची, म्हणजे टोकातून आतलं दाखवणाऱ्या उपकरणाची, नळी आत घालून पोकळीची रुंदी, आत साचलेला चुरा, मुळं, किड्यांची घरं बघता येतात. चित्राला नवं भोक पाडून हे करायचं नाही. एक जागा डोळ्यांनी पक्की झाली की तिथला थर्मल आणि कंपनाचा नमुना संपूर्ण भिंतीसाठी मोजपट्टी म्हणून वापरता येतो.

आता क्षारांबद्दल. ठिकठिकाणी पोकळ्यांवर पैसा खर्च होतो आणि क्षार राहून जातात, म्हणून यावर जरा थांबतो. पाणी भिंतीतून पुढे येताना क्षार घेऊन येतं. पाणी पृष्ठभागावर येऊन सुकलं तर लोणा दिसतो आणि सगळे सावध होतात. पण बाष्पीभवन रंगाच्या मागेच होत असेल तर स्फटिक आत वाढतात आणि रंगाला मागून ढकलतात. सोडियम सल्फेट यात सर्वांत घातक. निर्जल रूपातून दहा पाण्याचे रेणू घेऊन सजल रूपात जाताना त्याचं आकारमान चौपटीच्या आसपास होतं, आणि हा बदल नेहमीच्या खोलीच्या तापमानात, हवेच्या आर्द्रतेबरोबर, पुन्हा पुन्हा होऊ शकतो. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि त्याखाली पुन्हा स्फटिक होतं. क्षारांचं मिश्रण असेल तर हा उंबरठा आणखी खाली येतो. चीनमधल्या मोगाओच्या ८५ क्रमांकाच्या लेण्यात हेच घडत होतं. मातीच्या गिलाव्यात मीठ होतं, बाहेरची दमट हवा आत शिरली की ते विरघळे, नंतर स्फटिक होई, आणि गिलावा खडकापासून सुटत जाई. दुनहुआंग अकादमी आणि गेटी संवर्धन संस्थेने तिथे पोकळ्या भरल्या. पण भरावाच्या पाण्याबरोबर क्षार पुढे येतील हे आधी ओळखून, ते शोषून घेणारे पट्टेही पृष्ठभागावर दाबून ठेवले. क्षारांची तपासणी न करता तीच पोकळी कोणी पाणीदार भरावाने भरली असती तर उपचारानेच चित्र उतरवलं असतं.

क्षार ओळखायला खरं तर नमुना लागतो. चित्र नसलेल्या जागी, किंवा गळालेल्या भागाच्या कडेला, वेगवेगळ्या खोलीवरची थोडी पूड काढून प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफीने क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट मोजतात. ओलीसाठी तीच पूड तोलून, सुकवून, पुन्हा तोलतात. सुकवताना नेहमीचं १०५ अंश तापमान वापरू नये. भिंतीत जिप्सम असेल तर त्याचं स्फटिकजल निघून जातं आणि भिंत आहे त्यापेक्षा ओली ठरते. बाजारात मिळणारी दोन टाचण्यांची ओलमापकं विसरा. ती मुळात लाकडासाठी बनवलेली असतात, क्षार असले की वाटेल ते आकडे देतात, आणि रंगात टोचतात. स्पर्शाने नुकसान न करता ओलीचा खोलीवार आलेख हवा असेल तर एकतर्फी चुंबकीय अनुनाद हे उपकरण आहे. ते हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचा प्रतिसाद घेतं आणि पृष्ठभागापासून सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत पाणी कुठे आहे ते थराथराने सांगतं. एकेका बिंदूला वेळ लागतो, पण माहिती विश्वासार्ह असते.

टेराहर्ट्‌झ आणि बहुवर्णक्रमी छायाचित्रण (पहिल्यात सूक्ष्मलहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधल्या लहरी वापरतात, दुसऱ्यात प्रकाशाच्या अनेक पट्ट्यांत वेगवेगळी छायाचित्रं काढतात) यांचीही नावं तुमच्या कानावर येतील. रंगद्रव्यं आणि रंगाखालची रेखाटनं शोधायला ती उत्तम आहेत. टेराहर्ट्‌झला वरच्या काही मिलिमीटरमधल्या फटीही दिसतात. पण तुमचा प्रश्न गिलावा धरून आहे की नाही हा असेल तर पहिला खर्च तिथे करू नका.

सगळ्या नकाशांनंतर काळाचा प्रश्न येतो. तुतनखामेनच्याच थडग्यात भिंतींवर तपकिरी ठिपके आहेत आणि ते वाढत असल्याची भीती होती. थडगं १९२२ मध्ये सापडल्यावर काढलेल्या छायाचित्रांशी तुलना केली तेव्हा ठिपके वाढलेले नाहीत असं दिसलं, आणि तपासणीत ते सूक्ष्मजीवांमुळे झालेले पण आता मृत असल्याचं कळलं. ते रंगात मुरलेले असल्याने तसेच ठेवले गेले. तिथे निर्णय झाला तो जुन्या छायाचित्रांमुळे. तुमच्या भिंतीची जुनी छायाचित्रं शोधा. नसतील तर आज मिलिमीटरच्या अचूकतेचं त्रिमितीय छायामापन, म्हणजे अनेक छायाचित्रांवरून भिंतीचा मोजता येणारा आकार, करून ठेवा. खोलीतलं आणि भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान व आर्द्रता किमान एक पूर्ण वर्ष नोंदवा. वर्षाच्या शेवटी वाजवण्याचा आणि थर्मलचा नकाशा त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने पुन्हा करा. कड सरकली असेल तर हस्तक्षेप, नसेल तर देखरेख.

याला अपवाद छताचा. कमानीवर किंवा घुमटात सुटलेला तुकडा डोक्यावर असतो आणि तिथे वर्षभर थांबता येत नाही. इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिस चर्चच्या वरच्या भागात, म्हणजे वरच्या बॅसिलिकात, २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात छताचे भाग कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. कमानींच्या पाठीवर शतकानुशतकं साचलेल्या सुट्या भरावाचा भार हे त्या कोसळण्यामागचं एक मोठं कारण मानलं गेलं. चित्राच्या बाजूने कितीही थर्मल फोटो काढले असते तरी तो भराव दिसला नसता. म्हणून छतावरच्या चित्राची तपासणी करताना पहिल्या दिवशी वर चढून पाठ बघा, स्थापत्य अभियंत्याला बरोबर घ्या, आणि सुटलेला भाग निश्चित होईपर्यंत खालची जागा बंद ठेवा.

तपासणी बाहेरून करून घेणार असाल तर करारातच काही गोष्टी लिहून घ्या. रंगीत फोटोंबरोबर मूळ मोजमापांच्या फाइल्स, मोजताना खोलीचं तापमान आणि आर्द्रता, ऊब कशाने आणि किती वेळ दिली, कॅमेरा कुठे होता. आणि नकाशावर तीन नव्हे, चार रंग: घट्ट, सुटलेलं, शंकास्पद, आणि ‘इथे मोजता आलं नाही’. चौथा रंग नसलेला नकाशा परत पाठवा. उंची, वर्ख, परांचीचे खांब, उचललेला रंग यांमुळे प्रत्येक भिंतीवर न मोजलेली जागा असतेच, आणि ती कोरी सोडली की पुढचा माणूस तिला घट्ट समजून तिथेच शिडी टेकवतो.